टॉवेलाखालचा तबला

वहिनी, गुरुवारी सकाळी तू गेलीस. नाहूरच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरात. दादा दूध आणायला खाली गेले होते. परत आले तेव्हा तू ओट्याखाली भिंतीला टेकून बसलेली होतीस आणि हाकेला ओ देत नव्हतीस. मुलुंडच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका असं कारण लिहिलं, आणि आणण्यापूर्वीच सगळं संपलं होतं असं सांगितलं.

त्याआधीच्या रविवारी घाटकोपरच्या एका शाळेत तुझी तबल्याची परीक्षा झाली होती. विशारदची, प्रात्यक्षिकाची, दुसऱ्यांदा. परीक्षेच्या खोलीत काय झालं ते तू मला सांगितलं नाहीस. सोमवारी मी फोन केला तर म्हणालीस, "फोनवर नाही. रविवारी ये. आंबोळ्या करते, समोर बसून सांगते."

"एवढं तरी सांग, बरी गेली का?"

"रविवारी म्हटलं ना गं. तुला काय पहिल्या पानावर घ्यायचीय?"

आपलं शेवटचं बोलणं हे. रविवारी मी आले, पण तो चौथा दिवस होता. हॉलमध्ये सतरंजी पसरलेली होती आणि माणसं चपला बाहेर काढून, आवाज न करता आत येत होती.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. कोणी गेलं की वय, शिक्षण, नोकरी, मागे कोण कोण, अशा क्रमाने मजकूर लावायचा, हे हाताला बसलेलं आहे. तुझ्याबद्दलचा तसा मजकूर दादांनी सोसायटीच्या फळ्यावर लिहवून घेतला. मी तो वाचला. त्यात चूक नाही. तबल्याचा उल्लेखही नाही. दादांना विचारलं तर म्हणाले, "ते काय फळ्यावर लिहायचं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

म्हणून ते इथे लिहिते आहे.

आपण जावा. तू थोरली, मी धाकटी. लग्न होऊन मी मुलुंडच्या घरात आले तेव्हा तुला 'अहो वहिनी' म्हणत होते. एक दिवस भाजी निवडताना तू म्हणालीस, "अगं-तुगं कर बाई. अहो ऐकलं की मागे सासूबाई उभ्या आहेत असं वाटतं." सासूबाई तेव्हा खरंच मागे उभ्या होत्या. त्यांनी काही ऐकलं नाही असं दाखवलं. त्या दिवसापासून तू 'तू' झालीस.

तबला तुझ्यासाठी आलाच नव्हता. तो मुग्धासाठी होता. तुझी मुलगी शाळेत असताना स्टेशनजवळ पाध्येसरांच्या क्लासला जायची. मग अभ्यासाचे क्लास वाढले आणि तबला सुटला. ती येणार नाही हे सरांना सांगायला तू गेलीस. सांगायचं म्हणून गेलीस ती स्वतःचं नाव घालून आलीस. मी तेव्हा हजर नव्हते. तुझ्या म्हणण्याप्रमाणे सर म्हणाले, "सोडायचं तर सोडू दे, पण तबला घरी पडून ठेवू नका, पुडी उतरते." पुडी म्हणजे तबल्यावर ताणलेलं कातडं. त्यावर तू विचारलंस, "मग मी वाजवू?" सरांच्या म्हणण्याप्रमाणे तू काहीच विचारलं नाहीस, सरळ येऊन पोरांच्या रांगेत मांडी घालून बसलीस. दोन्ही हकिकतींत शेवट एकच आहे, म्हणून मी दोन्ही ठेवते.

तुझं वय तेव्हा चाळिशीच्या पुढे होतं. रांगेतली मुलं तुला काकू म्हणायची आणि तुझ्या पलट्यांतल्या, म्हणजे तेच बोल फिरवून वाजवण्यातल्या, चुका मोजायची. घरी आलीस की तू त्या चुका आम्हाला करून दाखवायचीस. दादा टीव्हीचा आवाज वाढवायचे.

तुझ्या तबल्याच्या अगदी पहिल्या परीक्षेला मी बरोबर आले होते, ते मी स्वतः पाहिलं आहे. शाळेच्या दारात एक स्वयंसेवक होता. त्याने तुला अडवलं.

"पालकांनी इथेच थांबायचं."

"मी परीक्षेला आलेय."

"हो, मुलाचं नाव सांगा ना."

"सुलभा."

"मुलीचं. मग वर्ग कुठला तिचा?"

"अरे बाबा, तीच मी."

तो मुलगा तुझ्याकडे आणि नंतर माझ्याकडे बघत राहिला, जणू मी तुला समजावून घरी नेईन. तू आत गेलीस. बाहेर पालकांच्या घोळक्यात मी तुझी पालक म्हणून थांबले. एका बाईंनी मला विचारलं, "तुमचं कितवं वर्ष?" मी म्हटलं, माझी जाऊ आहे आत.

पढंत हा शब्द मला तुझ्यामुळे कळला. तबल्याचे बोल तोंडाने म्हणायचे आणि हाताने टाळी देत मात्रा मोजायच्या. तबला समोर नसला तरी हे करता येतं, त्यामुळे तू ते कुठेही करायचीस. कणीक मळताना, गव्हात पावडर मिसळताना, बँकेच्या रांगेत. मुलुंड पूर्वेच्या भाजीबाजारात मेथीची जुडी हातात धरून तू 'धा तिरकिट' म्हणत उभी होतीस. भाजीवाली म्हणाली, "ताई, जुडीला शिव्या देताय काय?" बसस्टॉपवर तुला बरं नाही असं समजून एका बाईने पाणी देऊ केलं होतं. तू ते प्यालीस. नाही म्हणून तिला वाईट कशाला वाटू द्यायचं, असं तुझं म्हणणं.

माझा मुलगा लहान असताना माझ्या संध्याकाळच्या पाळ्या असायच्या आणि तो तुझ्याकडे राहायचा. वरण-भात भरवताना तू तीनतालाचे बोल म्हणायचीस आणि घास समेवर द्यायचीस. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे फिरून परत यायचं असतं. पोर बरोबर त्या मात्रेला तोंड उघडायचं. घरी मी साधा भरवायला गेले की घट्ट मिटून बसायचं. आता तो नोकरी करतो. शुक्रवारी त्याला कळवलं तेव्हा फोनवर म्हणाला, "आई, मला जेवायला काकूने शिकवलं." हे वाक्य मी सुधारलेलं नाही.

आता टॉवेल.

मुलुंडच्या घरी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आप्पा, म्हणजे आपले सासरे, हॉलमध्ये कॉटवर. मिल बंद झाल्यापासून ते तिथेच होते. तुला दुपारी वेळ मिळायचा आणि आप्पा दुपारी झोपायचे. म्हणून तू स्वयंपाकघरात बसून तबला आणि डग्गा, दोन्हींवर घडी घातलेला टॉवेल टाकायचीस आणि त्यावरून वाजवायचीस. आवाज यायचा तो चादर झटकल्यासारखा. बोल कुठला, ते तुझं तुलाच माहीत. ही तुझी पद्धत कैक वर्षं चालली. सरांनी एकदा बोट धरून विचारलंही होतं, "तुमचा हात एवढा जड का पडतो? मोकळा टाका." तू सांगितलं नाहीस.

एकदा सुट्टीच्या दिवशी मी दुपारी आले होते. आप्पांनी डोळे उघडले, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि मला विचारलं, "ता आत काय बडवता गे?"

मी म्हटलं, वहिनी तबला वाजवतेय.

"मगे फडको कित्याक घातलो हा?"

"तुमची झोप मोडू नये म्हणून."

आप्पा हसले. "माझो जल्म साचेखात्यात गेलो. माका खय ऐकाक येता? सांग तेका, वाजव म्हणा."

हे खरं होतं आणि सगळ्या घराला माहीत होतं. साचेखातं म्हणजे मिलमधला विणाईचा विभाग. तिथल्या यंत्रांनी आप्पांचे कान कधीच घालवले होते. आपण त्यांच्याशी बोलायचो तेही ओरडून. फोन वाजला तर त्यांना कळायचं नाही. तू त्यांच्यासाठी तबल्याला टॉवेल घालत होतीस.

मी आत येऊन तुला हे सांगितलं. तू म्हणालीस, "ऐकू येत नाही गं, पण जमीन हलते ती कळते त्यांना." टॉवेल तसाच राहिला.

आप्पा गेले तेव्हा सुतकात तू तबल्याला हात लावला नाहीस. भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. तू बायकांत भिंतीशी बसलेली होतीस आणि पदराखाली तुझी बोटं मांडीवर चालू होती. गावाहून आलेल्या आत्यांनी ते पाहिलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "सुलभेचा बघा, नामस्मरण सुटत नाय." तू मान खाली घातलीस. मला माहीत होतं की तो कायदा आहे, तबल्यातली एक रचना, आणि तुला माहीत होतं की मला माहीत आहे. त्या सगळ्या दिवसांत आपण एकमेकींकडे बघणं टाळलं, नाहीतर हसू आलं असतं. आत्या अजूनही तुला मोठी धार्मिक समजतात. तुझ्या चौथ्या दिवशीही तेच सांगत होत्या. मी दुरुस्ती केली नाही.

जिद्द, चिकाटी, साधना हे शब्द तुझ्या तोंडी मी ऐकले नाहीत. तुझा शब्द 'बसणं'. "आज बसले." "आज पाहुणे होते, उशिरा बसले." एवढंच. मी तुला एकदा विचारलं, कंटाळा आला तर काय करतेस? तू म्हणालीस, "कंटाळा आला तरी बसते. दात घासायला काय मूड लागतो?" दुसऱ्या एका वेळी म्हणालीस, "रोज चांगलं नाही वाजत. रोज वाजतं, बस."

पाहुणे, पापड, गणपती, दादांचं ऑपरेशन, मुग्धाचं लग्न, या सगळ्यांतून ते बसणं चालू राहिलं. कधी तबल्यावर, कधी ओट्यावर बोटांनी, कधी नुसतं तोंडाने. हॉस्पिटलात दादांच्या खाटेशी तू स्टीलच्या डब्याच्या झाकणावर वाजवत होतीस. दादा भुलीतून बाहेर येताना पहिलं वाक्य बोलले ते, "हे इथेही?" नर्स म्हणाली, पेशंट शुद्धीवर आलाय.

हे बसणं तू माझ्यावरही लादू पाहिलंस. आप्पांच्या मिलच्या आठवणी लिहून काढायच्या, असं मी कधीतरी बोलून गेले होते. तेव्हापासून भेटलीस की विचारायचीस, "बसलीस काय?" मी म्हणायचे, वेळ मिळाला की. तू म्हणायचीस, "वेळ मिळतो काय कुणाला? दुसऱ्यांचं कापत बसतेस दिवसभर, स्वतःचं एक पान होत नाही तुझ्याच्याने?" याबाबतीत तुला कळवण्यासारखं माझ्याकडे आजही काही नाही.

परीक्षा कशाला देतेस, हा माझा प्रश्न होता. वाजवायचं तर वाजव, या वयात कागद कशाला? यावर आपण बऱ्याचदा भांडलो. एकदा मुलुंडच्या गच्चीत पापड वाळत घालताना तू उत्तर दिलंस.

"घरात कोण विचारतं गं, आज काय नवीन वाजवलंस? तू पण नाही विचारत."

"मी विचारते."

"तू विचारतेस बसलीस का. काय वाजवलं ते नाही विचारत. परीक्षेत समोर एक माणूस असतो. त्याचं काम असतं ऐकायचं. त्याला उठून जाता येत नाही."

मी पुढचा पापड उचलला. मग तूच म्हणालीस, "कोपरा धर, उडतंय प्लॅस्टिक."

विशारद ही पदवीसारखी परीक्षा. तिच्या प्रात्यक्षिकात परीक्षकांसमोर एकट्याने तबला वाजवायचा असतो. साथीला फक्त पेटी, जिच्यावर एकच ओळ फिरून फिरून वाजत राहते. त्याला लेहरा म्हणतात. त्या ओळीच्या धाकात राहून वाजवायचं आणि प्रत्येक रचना समेवर आणून सोडायची. तुझी तयारी झालेली होती. सरांनीच फॉर्म भरायला लावला होता.

विशारदच्या पहिल्या वेळी काय झालं ते तूच मला सांगितलंस, त्याच संध्याकाळी. तू बसलीस, लेहरा सुरू झाला, आणि तू पहिला 'धा' मारलास. रिकाम्या वर्गात तो इतका मोठा घुमला की तू दचकलीस. टॉवेलावर कैक वर्षं वाजवून वाजवून हात जेवढ्या जोराने पडायला शिकला होता, तेवढ्याच जोराने तो उघड्या पुडीवर पडला. क्लासमध्ये दहा पोरांच्या गलक्यात ते कधी जाणवलं नव्हतं. परीक्षक म्हणाले, "हळू. मोकळं वाजवा." तू हळू केलंस तर बोल पुसट झाले. जोर लावलास तर पुन्हा तोच आवाज. पहिल्याच तिहाईत सम चुकली. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर संपवायचा. तू हात उचललेस, "माफ करा" म्हणालीस, आणि उठून आलीस. परीक्षकांनी थांबा म्हटलं होतं की नाही, ते तुला आठवत नव्हतं.

मुलुंडच्या स्वयंपाकघरात तू हे सांगत होतीस. दादा झोपले होते. आप्पा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तबला खिडकीखाली होता आणि त्यावर टॉवेल होता.

मी म्हटलं, "हा अजून कशाला?"

"शेजारी."

"शेजारी दुपारी कामावर असतात."

"वरच्या मजल्यावर आजी आहेत."

"वहिनी, तो टॉवेल आप्पांसाठी कधी नव्हताच. त्यांना ऐकू येत नव्हतं. शेजाऱ्यांसाठीही नाही. तो तुझ्यासाठी आहे. तुझं तुला ऐकायचं नाही, आणि कोणी ऐकलेलं तुला चालत नाही. आणि म्हणे परीक्षेत एक माणूस ऐकतो!"

तू थाळीतला भात तसाच ठेवलास. म्हणालीस, "तुझ्या घरात तुझी स्वतंत्र खोली आहे. दार लावता येतं तुला."

"मग माग ना तू पण. सांग दादांना, दुपारी तीन ते चार हे घर माझं."

"सांगून मिळतं ते बसणं नाही टिकत. कोणाचं काही मोडायचं नाही, कोणाच्या डोळ्यावर यायचं नाही, म्हणून तर एवढी वर्षं झालं. टॉवेल होता म्हणून तबला राहिला घरात. तुला नाही कळणार."

मी म्हटलं, "राहिला, पण वाजला कुठे?"

मी शेवटची बस पकडून गोरेगावला, माझ्या घरी आले. काही आठवडे तुझा फोन आला नाही, माझाही गेला नाही. मग एका सकाळी तू फोन केलास आणि म्हणालीस, "काळे वाटाणे भिजवलेत. येतेस?" मी आले. वाटाण्याचं सांबारं चांगलं झालं होतं. त्या विषयावर तू काही बोलली नाहीस, मीही नाही. तो वाद तिथे थांबला आणि तसाच राहिला. कोणाचं बरोबर होतं, हे मला आजही निश्चित सांगता येत नाही. तू एक दिवसही चुकवला नाहीस, ही वस्तुस्थिती आहे. ते टॉवेलामुळे जमलं, असं तुझं म्हणणं. तू उठून आलीस, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे. ते टॉवेलामुळे झालं, असं माझं.

गेल्या वर्षी मुलुंडची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली आणि तुम्ही नाहूरला भाड्याने आलात. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ होतं. सामान लावायला मी आले तेव्हा तबल्याचं गाठोडं तू स्वतः उचलून आणलंस, टेम्पोवाल्याला हात लावू दिला नाहीस. टॉवेल नवीन होता. मी बघितलं, तूही मी बघितलेलं बघितलंस.

"खाली बाळ आहे," तू म्हणालीस.

"मी काही बोलले?"

"चेहरा बोलला. त्याला एडिट कर."

या वेळी खरंच बाळ होतं.

पुढचं मला तू असताना माहीत नव्हतं. हे मला पाध्येसरांनी रविवारी सांगितलं. सर आता थकले आहेत, दोन मजले चढून आले आणि आधी पाणी मागितलं. म्हणाले, नाहूरला गेल्यानंतर तू एकदा त्यांच्याकडे क्लासची किल्ली मागितलीस. दुपारी क्लास रिकामा असतो. नाहूरहून मुलुंडला तू रोज दुपारी यायचीस, कुलूप काढायचीस आणि वाजवायचीस.

"टॉवेल घालून?" मी विचारलं.

सरांना टॉवेल माहीत नव्हता. मी समजावून सांगितलं. सरांनी ते पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अच्छा. म्हणून तो हात." पुढे म्हणाले, "नाही. उघडा वाजवायच्या. मी खालीच राहतो, मला ऐकू यायचं. पहिले काही महिने दार-खिडक्या बंद करून. नंतर दार उघडं ठेवायला लागल्या. समोरच्या झेरॉक्सवाल्याने मला एकदा विचारलं, सर, दुपारचं कोण वाजवतं? मी म्हटलं, आमच्या एक विद्यार्थिनी आहेत."

वहिनी, हे तू मला का सांगितलं नाहीस, याची दोन कारणं मला दिसतात. एक, वाद मी जिंकला असं झालं असतं. दुसरं, माझ्या 'वाजला कुठे?'ला तू वाजवून उत्तर देत होतीस आणि ते अजून पूर्ण झालं नव्हतं. दुसरं जास्त तुझ्यासारखं वाटतं. पण खात्री करायला आता कोणी नाही, म्हणून हा माझा अंदाज समजावा.

मग मी घाटकोपरचं विचारलं. सर परीक्षेला आले नव्हते. दादांना विचारलं, तर म्हणाले, "ठीक झाली म्हणाली. मग कपडे बदलून पिठलं टाकलं." मुग्धाला तू तिच्या बंगळुरूच्या नंबरवर फोन करून म्हणाली होतीस, "वाजवून आले." एवढंच. उठून आलीस की वाजवून आलीस, यातलं तू दुसरं सांगितलंस, पण शेवटपर्यंत वाजवलंस की नाही, ते यातून कळत नव्हतं. दादा म्हणाले, "सोड ना आता, वंदना. काय फरक पडतो?"

मला पडत होता. तुलाही पडला असता. नाहीतर आंबोळ्या करून समोर बसवायची गरज तुला भासली नसती.

लेहऱ्याला पेटीवर मानसी होती. सरांची जुनी विद्यार्थिनी, क्लासच्या सगळ्या मुलांच्या परीक्षांना तीच बसते. ती मंगळवारी आली. रडत होती, म्हणून मी आधी चहा दिला आणि नंतर विचारलं.

"सुरुवात चांगली झाली काकूंची," मानसी म्हणाली. "हात एकदम मोकळा होता. कायदे झाले. मग चक्रदार घेतली, म्हणजे तिहाईच पुन्हा तीनदा, ती चुकली."

"चुकली म्हणजे?"

"समेच्या आधीच संपली."

"मग उठली?"

"नाही नाही. ठेका धरला. म्हणजे साधा ताल वाजवत राहिल्या. माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुन्हा घेतली. या वेळी आल्या बरोबर. मी इतकी खूश झाले की माझाच लेहरा जरा पळाला."

"आणि?"

"मग परीक्षक म्हणाले, ठीक आहे, पुरे, पुढच्याला पाठवा. मी पेटीवरून हात काढला. तर काकू मला म्हणाल्या, मानसी, तू वाजव. आणि त्यांना म्हणाल्या, माझा रेला राहिलाय."

"असं म्हणाली?"

"असंच. रेला म्हणजे ते जलद असतं ना, शेवटी वाजवतात. परीक्षक म्हणाले, बाहेर मुलं खोळंबली आहेत. काकू म्हणाल्या, खोळंबू देत थोडी. मी फार वर्षं थांबलेय."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? काकूंनी सुरूच केला होता."

तू तो शेवटपर्यंत वाजवलास का, हे मी दोनदा विचारलं. मानसी दोन्ही वेळा हो म्हणाली. परीक्षकांनी किती गुण दिले ते तिला दिसलं नाही. निकाल अजून लागलेला नाही.

एकाच माणसाच्या सांगण्यावर बातमी सोडायची नाही, असा डेस्कचा नियम आहे. तुझ्यानंतर ज्या मुलीचा नंबर होता, तिचा पत्ता मी मानसीकडून घेतला. भांडुपला राहतात. मुलीच्या आईशी बोलले. तू गेलीस हे तिला माहीत नव्हतं. ते ऐकून ती म्हणाली, "खरं सांगू का, मी त्या दिवशी चिडले होते हो त्यांच्यावर. मुलगी सकाळपासून उपाशी, आणि आतलं वाजवणं काही संपेना. दार बंद होतं, पण सगळं बाहेर ऐकू येत होतं. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत."

तिच्या मुलीची परीक्षा ठरलेल्या वेळेपेक्षा उशिरा सुरू झाली.